गिरणीत ऐकू येतं, घरात नाही

वहिनी,

तू गेलीस त्या दुपारी अण्णा तुझ्या उशाशी वाकून तुझ्या कानात देवाचं नाव घेत होता. खिडकी त्याच्या पाठीमागे, त्यामुळे त्याचा चेहरा सगळा काळोखात. आवाज नेहमीचा, छातीतून निघणारा, खर्जातला, तुझ्यापर्यंत कधीच न पोचणारा. तू डोळे ताणून त्याच्या ओठांकडे बघायची धडपड करत होतीस आणि आई मागून म्हणत होती, "मीट गं डोळे. देवाकडे लक्ष लाव." मी पायाशी बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, इकडे उजेडात बस. तिला तुझं तोंड दिसू दे." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला सोवळ्यात शिवले. थोड्या वेळानं तू गेलीस. तुझा नवरा तुझ्याशी शेवटचं जे बोलला ते तुला कळलं नाही, आणि घरात मात्र सगळ्यांना समाधान की नाव कानावर पडलं.

मला समाधान नाही. मला राग आला आहे, आणि सुतकात राग धरू नये असं म्हणतात, पण सुतक फिटलं तरी तो उतरत नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच बोलत होती. गरीब गाय होती हो. कधी वर तोंड करून बोलली नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आई पदर डोळ्याला लावून मान हलवत होती. ही तीच आई, जी तू पाठमोरी असलीस की तुला ऐकू येतंय का हे बघायला मुद्दाम भांडं आपटायची. भांडं आपटलं की तू वळायचीस, कारण पितळेचा तो चिरका आवाज तुला यायचा. मग आई अण्णाला म्हणायची, "बघ. भांडं ऐकू येतं, बांगड्या ऐकू येतात, आगगाडीची शिट्टी ऐकू येते. नवऱ्याची हाक तेवढी ऐकू येत नाही." आणि अण्णा मान डोलवायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी म्हण आहे. बहिरेपणाचंही आणता येतं, असं आपल्या घराचं मत होतं.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा तुझे कान माझ्यापेक्षा तिखट होते. मी विधवा होऊन परत आले त्या वर्षी तू नवी नवरी होतीस, आणि परसातल्या विहिरीपाशी मी दाबून रडत असले तरी तुला माजघरात ऐकू यायचं. तू यायचीस आणि काहीही न विचारता कळशी उचलायला लागायचीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

कमल झाली आणि सुरुवात झाली. बाळंतिणीच्या खोलीत अंधार, धुरी, शेक. बाहेर आलीस तेव्हा तू "काय?" म्हणायला लागली होतीस. आई म्हणाली, कानात वारं शिरलं. तेलाचे थेंब झाले, लसूण झाला, ओव्याची धुरी झाली. मग बाळूच्या वेळी आणखी कमी झालं. पण एक गोष्ट तुझ्या विरुद्ध गेली. बहिरा माणूस ओरडून बोलतो, हे सगळ्या मावळाला ठाऊक. तू तर दिवसेंदिवस हळू बोलायला लागलीस, इतकं हळू की आई म्हणायची, "कुजबुजतेस काय, कुणाचं भय आहे?" बहिरी असती तर ओरडली असती, ओरडत नाही म्हणजे बहिरी नाही. एवढा साधा हिशेब. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यात तुझी नजर. माणूस बोलायला लागलं की तू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. बायकांच्या तोंडाकडे बघितलंस तर फार बिघडलं नाही, पण तू मामंजींच्या, भाऊजींच्या, घरी आलेल्या परक्या पुरुषाच्याही ओठांकडे बघायला लागलीस. आईनं एकदा तुला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "सुनेची नजर जमिनीवर असावी. पुरुषाच्या तोंडाकडे बघायला तुला लाज नाही वाटत?" तुला अर्धं कळलं असेल, पण जमिनीकडे दाखवलेलं बोट कळलं. त्या दिवसापासून तू घरात खाली बघायला लागलीस. कान गेलेच होते, आता डोळेही काढून घेतले. आणि आता हीच माणसं सांगतात, किती मर्यादशील होती.

राहिली गिरणी. मळवली स्टेशनाजवळची आपली भाताची गिरणी. अण्णाच्या पोटाला गार जेवण सोसत नाही म्हणून भर दुपारी तू त्याचा डबा घेऊन जायचीस. आत तेलाचं इंजिन धडधडतंय, पट्टा फिरतोय, भात सोलून तूस बाहेर उडतंय, नाकातोंडात कोंडा. आपल्याला तिथं शेजारचा माणूस ऐकू येत नाही. आणि तुला तिथं सगळं ऐकू यायचं. भाताची पोती घेऊन आलेल्या बायकांशी तू जात्यावर बसल्यासारख्या गप्पा मारायचीस. तिकोणा पेठेची ठकूबाई तर तुझी मैत्रीणच झाली. एकदा मी तिथं असताना तिनं तुला गळा ताणून विचारलं, "वैनी, हितं समदं ऐकू येतंय तुमास्नी. मंग घरला काय हुतंय?"

तू हसलीस. म्हणालीस, "घरी कुणी इतकं जिवावर उदार होऊन बोलत नाही गं."

"आमी लय वरडतो म्हून व्हय?" ठकूबाई म्हणाली. "मंग त्यास्नी वरडाया काय हुतंय? तोंड दुखतंय व्हय त्यांचं?"

पण अण्णानं तुला तिथं ऐकताना पाहिलं आणि त्याचा निवाडा झाला. घरी शांततेत दोनदा हाक मारली तर वळत नाही, आणि इंजिन चालू असताना मागून बोललेलं ऐकते. गिरणीत ऐकू येतं, घरात नाही. याचा अर्थ शहाण्या माणसाला एकच लागतो. त्यानं घरात तुझ्याशी बोलणं सोडलं. लागेल ते बाळूकडून सांगायचं. मी भांडले की तो मलाच विचारायचा, "मग गिरणीत कसं येतं? सांग ना, तू मास्तरीण आहेस." मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तेव्हा ते सांगायची तू मला चोरी केलीस.

लोणावळ्याच्या माझ्या खोलीवर तू चार दिवस राहायला यायचीस तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या शाळेत मुलींना वर्णमाला शिकवते. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. लहानपणापासून घोकलेलं, पण ते कशाशी खातात हे मला तुझ्याबरोबर कळलं. आपण कंदील माझ्या तोंडासमोर धरला, मी आवाज न करता एकेक अक्षर बोलले आणि तू ओळखत गेलीस. ओठांचा वर्ग तू लगेच पकडलास, पण त्यातला प, ब की म ते तुला सांगता येईना, कारण तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. दातांच्या वर्गाला जिभेचं टोक दिसायचं. कंठाच्या वर्गाला नुसतं उघडं तोंड. "वन्सं, हे घशातले मेले घुशीसारखे आतल्या आत राहतात," तू म्हणालीस, आणि आपण दोघी पोट धरून हसलो. मग मी पुरं वाक्य बोलले. नवल म्हणजे सुटं अक्षर हुकत होतं, पण वाक्य जुळत होतं. तू म्हणालीस, "कशाबद्दल बोलताय ते कळलं की उरलेलं माझं मी भरते. घरी तेच कुणी सांगत नाही. मधूनच बोलायला लागतात आणि मधूनच पाठ फिरवतात." त्या कोड्यात डोकं घालून तू संध्याकाळपर्यंत दमून जायचीस. आई म्हणायची, काम ना धाम, दिवेलागणीलाच डोळे मिटतात हिचे.

माझ्या दाढेचं निमित्त करून मी तुला पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना गाडीत आपण इतक्या बोललो की समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, दोघींतल्या कुणाचे कान दाखवायला निघालात? डॉक्टरांनी दोन पात्यांचा एक पोलादी काटा गुडघ्यावर आपटून तुझ्या कानासमोर धरला. तू मान हलवलीस, नाही. मग त्याच काट्याचा दांडा तुझ्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि तुझा चेहराच बदलला. "वाजतंय," तू म्हणालीस.

पुढचा प्रश्न त्यांनी आपण काही न सांगता विचारला. "गोंगाटात जास्त चांगलं ऐकू येतं का? गाडीत, कारखान्यात?" आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनी सांगितलं, कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं, ते हललं की आवाज आत जातो. यांचं ते हाड धरून बसलंय. आतली नस चांगली आहे. गोंगाटात माणसं आपोआप आवाज चढवतात, आणि तो गोंगाट मात्र यांच्यापर्यंत फारसा पोचत नाही, म्हणून बोलणं स्वच्छ येतं. स्वतःचा आवाज हाडातून आत घुमतो, म्हणून या हळू बोलतात.

मी हे सगळं तुला समोर बसून, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं. तू डॉक्टरांना एवढंच विचारलंस, "म्हणजे हे सोंग नाही ना?"

वहिनी, त्या माणसाला तुझा प्रश्नच कळला नाही. तू इतकी वर्षं ऐकून ऐकून स्वतःच्या मनातही शंका धरून बसली होतीस, हे त्याला काय माहीत? मला मात्र त्या क्षणी मळवलीला जाऊन आपलं घर डोक्यावर घ्यावंसं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईला ऐकू यायचं का? तू म्हणालीस, "आईला तळेगावात सगळे घुमी म्हणायचे." त्यांनी मान हलवली. हे काही घराण्यांत उतरतं, म्हणाले. बायकांत अधिक. आणि पुष्कळदा प्रत्येक बाळंतपणात वाढतं. औषध नाही. उजेडात समोर बसून, सावकाश, जरा मोठ्यानं बोलायचं. आणि आता आणखी बाळंतपण नको.

परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. मी मनात भाषण तयार करत होते, अण्णाला कसं सांगायचं, आईला कसं सुनवायचं. मळवलीला उतरलो आणि तू फलाटावरच माझा हात धरलास. "वन्सं, डॉक्टर काय म्हणाले ते कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला?

"त्यांनी घराण्यात उतरतं म्हटलं. हे आज घरात कळलं की उद्या मावळभर होईल. कमलला कोण करून घेईल? मला ढोंगी म्हणतात ना, म्हणू देत. ढोंगी आईच्या मुलीचं लग्न होतं. खोट असलेल्या घरातल्या मुलीचं होत नाही."

"आणि बाळंतपण नको म्हणाले, त्याचं काय?"

तू पिशवी उचलून चालायला लागलीस. तेही अण्णाला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पुढं वसंता झाला आणि घरातलं उरलंसुरलं ऐकणंही गेलं. वसंताचं पहिलं बोलणं तू ऐकलं नाहीस, पाहिलंस. मला तुझ्या दुसऱ्या कशाचा इतका राग आला नाही. तू मला सांगू दिलं असतंस तर अण्णाच्या त्या "मग गिरणीत कसं येतं?"चं उत्तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं. दर शनिवारी मी घरी यायचे, दर शनिवारी तो प्रश्न व्हायचा, उत्तर माझ्या जिभेवर यायचं, आणि तू माजघराच्या दारातून माझ्या तोंडाकडे बघत उभी असायचीस. मी काय बोलणार ते तुला ऐकू यायची गरजच नव्हती.

आणि तरी वहिनी, तू कमलचं लग्न जमवलंस ती गोष्ट आठवली की मला हसू येतं, आज सुद्धा. लोणावळ्याहून पाहुणे कमलला बघायला यायचे होते. तू अण्णाकडे बाळूकरवी निरोप पाठवलास, पाहुण्यांना आधी गिरणी दाखवा, नवी गिरणी बघून त्यांच्या मनात आपलं वजन वाढेल. अण्णाला आपली गिरणी मिरवायला कोण हौस. पाहुणे स्टेशनावरून थेट गिरणीत आले आणि तू आधीच डबा घेऊन तिथं हजर. इंजिन चालू. अण्णा घसा फोडून सांगतोय आणि पाहुण्यांना काही कळत नाही, पाहुणे विचारताहेत आणि अण्णाला कळत नाही. तोवर तुलाही जवळून, मोठ्यानं बोललेलंच कळत होतं, पण तिथं मोठ्यानं न बोलणारा होताच कोण? विहीणबाईंच्या एकेका प्रश्नाला तू तिथल्या तिथं उत्तर दिलंस. मुलगी काय शिकली, भरतकाम येतं का, पत्रिका कुणी बघितली. विहीणबाई म्हणाल्या, तुमचे कान भारी तिखट हो. नंतर घरी चहापोह्यांना तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. तुझी मर्यादा बघून त्या आणखी खूष झाल्या. लग्न ठरलं. रात्री अण्णा मला विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघितलंस? कामाच्या वेळी बरोबर ऐकू येतं."

लग्न झालं. मी म्हटलं, आता सांगू? तू म्हणालीस, वर्ष सण होऊ देत. मग म्हणालीस, पहिला मुलगा होऊ दे, मुलगा झाला की पाय रोवला जातो. तिला मुलगा झाला. आता? तू म्हणालीस, बघू. आपलं भांडण तिथंच राहिलं. मी शेवटचं म्हटलं होतं की तू लपवलंस तर तुझ्या मागं तिला तेच भोगावं लागेल. तू माझे ओठ वाचून तोंड फिरवलंस. तुझ्याशी भांडताना हाच अन्याय होता, तू तोंड फिरवलंस की माझं बोलणं संपलं.

काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पंगत उठली, आणि विहीणबाई आईजवळ बसून बोलत होत्या. कमल पलीकडे मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, आमच्याकडे पाठ करून. विहीणबाई वाईट नाहीत, सरळ बाई आहे. आईनं त्यांच्यापुढं तुझं गुणगान चालवलं होतं, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "कमल मात्र बाळंतपणापासून हट्टी झाली आहे हो. दोन हाका मारल्या तर वळत नाही. आणि परवा इकडे येताना गाडीत माझं सगळं बोलणं ऐकत होती. मनात आलं की येतं ऐकू."

आईनं पटकन विषय बदलला. अण्णानं माझ्याकडे डोळे वटारले. म्हणजे त्यांना कुठंतरी कळत होतं, वहिनी. इतकी वर्षं कुठंतरी कळत असलं पाहिजे. मी कमलकडे बघितलं. तिच्याबद्दल बोललं जात होतं आणि ती मुलाच्या टोपड्याची नाडी बांधत होती.

मी तुझी शपथ मोडली. तुझा गळा आता आहे कुठं मला अडवायला? मी सगळ्यांदेखत सांगितलं. डॉक्टरांचा काटा सांगितला, ते हाड सांगितलं, गिरणीचं कारण सांगितलं, बाळंतपणाचंही सांगितलं, पुरुष बसले होते तरी. म्हटलं, हिच्या तळेगावच्या आजीला लोक घुमी म्हणाले, आईला ढोंगी म्हटलंत, आता हिला हट्टी म्हणा. अण्णा उठून ओसरीवर गेला. आई म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल आज हे काय बोलतेस?" मी म्हटलं, मेलेल्या माणसाबद्दल नाही बोलत, हिच्याबद्दल बोलते आहे. आणि कमलपुढं जाऊन बसले, उजेडात, आणि सगळं तिला पुन्हा सांगितलं.

तिनं मुलाला मांडीवर सावरलं. म्हणाली, "आत्या, मला माहीत आहे. आईनं मला ओळखलं होतं. माहेरपणाला आले होते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघते हे तिनं पाहिलं. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं मला. म्हणाली, आत्या गप्प बसायची नाही."

माझ्या शपथेवर शपथ. तुम्ही दोघी मायलेकी, एकीला दुसरीचं कळतंय, आणि दोघी मिळून मला बाहेर ठेवता. मला ओळखलं होतंस म्हणून तुला हात जोडू की त्यासाठी तुझ्याशी जन्मभर भांडू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी विहीणबाईंकडे बघायला घाबरत होते. तू ज्याची धास्ती घेऊन जगलीस ते आता त्यांच्या तोंडून येणार होतं. खोट, फसवणूक, न्या तुमची मुलगी परत. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. त्यांना राग आला होता, तो दिसत होता. म्हणाल्या, "लग्नाआधी सांगायला हवं होतंत." मी म्हटलं, हो. मग त्या जागच्या उठल्या, कमलच्या समोर येऊन बसल्या, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला विचारलं, "बरं, मग आता हिच्याशी बोलायचं कसं, ते सांगा."

मी सांगायला लागले, उजेडात बसा, पाठ फिरवू नका, विषय आधी सांगा, आणि मला रडू आवरेना. दुःखाचं नव्हतं ते. वहिनी, ही परकी बाई, रागावलेली, तिला विचारावंसं वाटलं. आपल्या घरात इतक्या वर्षांत हे एकदा विचारायला कुणाला काय धाड भरली होती?